त्रयस्थाच्या हातचें घड्याळ

गेल्या वर्षीं आमची साठी झाली. समारंभ नको असें आम्हीं बजावून ठेविलें होतें. तरी पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवानें एक लहानशी पेटी आमच्या हातीं ठेविलीच. आंत एका नामांकित स्विस कारखान्याचें जुन्या धाटणीचें घड्याळ होतें. किंमत त्यानें सांगितली नाहीं. सूनबाईंच्या तोंडून ती निसटली. ८५ हजार रुपये!

आमच्या मनगटावर तोंपर्यंत सासऱ्यांनीं लग्नांत दिलेलें एच्. एम्. टी. होतें. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानें हीं घड्याळें १९६१ पासून बंगळुरास होऊं लागलीं. २०१६ मध्यें सरकारनें घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचें ठरविलें. आमचें घड्याळ मात्र स्नानसंध्या आटोपल्यावर किल्ली दिली कीं दिवसभर इमानानें चालतें. तें आम्हीं कपाटांत ठेविलें आणि नवें मोठ्या कौतुकानें बांधलें.

"कोणत्या दुकानांतून घेतलेंस?" आम्हीं विचारलें.

"दुकान नाहीं बाबा, ऑनलाइन घेतलें. संकेतस्थळ चांगलें प्रसिद्ध आहे."

"पण विकणारा कोण?"

यावर त्याला उत्तर सुचेना.

दोन महिन्यांत घड्याळ रोज दहा मिनिटें मागें पडूं लागलें. खामगांवांत आमच्या ओळखीचे एक वृद्ध घड्याळजी आहेत. त्यांनीं डोळ्यास भिंग लावून मागचें झांकण उघडलें, बराच वेळ पाहिलें आणि हलकेच म्हणाले, "साहेब, यंत्र एका घड्याळाचें, कवच दुसऱ्याचें, आणि तबकडी तर नव्यानें रंगविलेली. तीन घरचा संसार आहे हा."

पैशाचें वाईट वाटलें नाहीं असें नाहीं. पण खरी पंचाईत निराळीच होती. मुलास सांगावें कसें? किती महिने पगारांतून बाजूस टाकून त्यानें ही भेट आणिली असेल! सौ. म्हणाली, "त्याचा आनंद कशाला मोडतां? वेळ तर दाखवितें ना?" आम्हीही आठ दिवस गप्प राहिलों.

त्या आठ दिवसांत एकदां खामगांवच्या सराफ्यांतून जाणें झालें. येथील चांदी शुद्धतेसाठीं दूरवर नांवाजलेली आहे. गिऱ्हाईक चांदी पारखतें थोडेंच? तें पेढीवर बसलेल्या माणसास पारखतें. उद्यां तांब्या हातीं घेऊन भांडावयास गेलें, तरी तोच माणूस त्याच गादीवर बसलेला असेल, ही खात्री असते. ऑनलाइन बाजारांत नेमकी ही गादीच आपल्या दृष्टीस पडत नाहीं. संकेतस्थळ म्हणजे बाजाराची जागा. माल त्रयस्थाचा, पैसा आपला, आणि शब्द मात्र कोणाचाच नाहीं.

असा प्रत्येक व्यापारी लबाड असतो असें नव्हे. कांहीं जण परदेशांतून अस्सल घड्याळ आणून स्वस्त विकतात. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१२ सालीं सॅमसंगच्या खटल्यांत अस्सल मालाची अशी समांतर आयात गैर मानली नाहीं. परंतु मूळ कंपनीची हमी या मालास नाहीं, हें ग्राहकास ठळक दिसलें पाहिजे, अशी अट घातली. जुन्या घड्याळांची गोष्ट याहून नाजूक. क्रमांक, कागदपत्रें, दुरुस्तीचा इतिहास आणि उघडलेल्या यंत्राचें छायाचित्र इतकें मागितल्यावांचून दाम मोजूं नये. आमच्या मुलानें बाहेरून काढलेलीं दहा छायाचित्रें पाहिलीं होतीं. आंतलें एकही नाहीं.

संकेतस्थळानें विक्रेत्याचें नांव व पत्ता दाखविलाच पाहिजे, असें ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनीं ठरविलें आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. विकत घेणाऱ्याच्या संमतीनें वस्तु वापरणाराही ग्राहकच ठरतो. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाहीं, आणि मुदत दोन वर्षांची आहे. हें वाचलें आणि आमचें मौन आम्हांसच टोंचूं लागलें. आम्ही मुलाचें मन राखीत होतों, कीं लबाडास मुदत देत होतों?

शेवटीं दूरध्वनीवरून सांगितलें. बराच वेळ पलीकडून शब्द नाहीं. मग तो म्हणाला, "बाबा, विकणारा कोण, असें तुम्ही पहिल्याच दिवशीं विचारलें होतें. मला तेव्हां राग आला होता."

"आणि मीं आठ दिवस तुझ्यापासून लपवून ठेविलें," आम्हीं म्हटलें. "झाली फिटंफाट."

पुढच्या रविवारीं तो आला. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाच्या तक्रारीचा मसुदा आम्हीं दोघांनीं मिळून लिहिला. घड्याळजींनीं आपलें मत लिहून खालीं सही केली. निकाल अजून लागावयाचा आहे. कितीतरी वर्षांनीं बापलेक एका कामास इतका वेळ एकत्र बसलों, हें मात्र निकालापूर्वींच पदरांत पडलें.

स्विस घड्याळ पुरावा म्हणून पेटींत गेलें. निघण्यापूर्वीं मुलानें कपाट उघडून एच्. एम्. टी. काढलें, कानाशीं धरून किल्ली दिली, आणि स्वतःच्या हातानें आमच्या मनगटावर बांधलें.