स्वदेशी मोटारीची कथा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांत एक वादविवाद झाला. परदेशी मोटारींवर सरकारनें भारी जकात बसवावी कीं नाहीं, असा विषय होता. दोन्ही पक्षांचीं मुलें तयारी करून आलीं होतीं. एका पक्षानें देशाभिमानाचा झेंडा उभारला, दुसऱ्यानें गिऱ्हाइकाच्या हिताचा. टाळ्या बहुधा सारख्याच पडल्या. सभा संपल्यावर मागच्या बांकावरचा एक अबोल मुलगा आमच्यापाशीं आला व म्हणाला, "सर, विजेच्या मोटारीला पिस्टन नसतो ना? माझे बाबा पिस्टनच्या पिना करणाऱ्या कारखान्यांत लेथवर आहेत. मोटार आपली असो कीं परक्यांची, त्यांच्या कामाचें काय होणार?" आम्हांस तेथल्या तेथें उत्तर सुचलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करीत आहों. तो मुलगा हा अंक वाचील, त्याचे वडीलही वाचतील, अशी आशा आहे.

लहानपणीं मोटार म्हणजे आमच्या मामांची काळीपिवळी टॅक्सी, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. मामा मुंबईस भायखळ्याला राहत. नाताळच्या सुट्टींत आम्ही नगरहून त्यांच्याकडे जात असूं. रात्रीं टॅक्सी पुसून झाली कीं ते आम्हां भावंडांस पुढच्या अखंड बैठकीवर दाटीवाटीनें बसवीत व राणीच्या बागेपासून चौपाटीपर्यंत फिरवून आणीत. त्या प्रीमियर पद्मिनीच्या गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच असे. उभ्या गाडींत तो एकदां ओढावयास मिळाला कीं आम्हांस राज्यपद मिळाल्यासारखें वाटे. मारुती तोंपर्यंत रस्त्यावर आली होती. पण मामा तिला 'काडेपेटी' म्हणत, आणि मामा म्हणत म्हणून आम्हीही म्हणत असूं.

ही पद्मिनी कोठून आली हें मुलांनीं जाणून घेण्याजोगें आहे. सोलापूरास जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं परतंत्र हिंदुस्थानांत जहाज, विमान व मोटार या तिन्हींचे कारखाने काढण्याचा ध्यास घेतला होता. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ सालीं मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिची पहिली मोटार बाहेर पडली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षें आधीं, १९४२ सालीं, निघाली होती. दोघांनाही आरंभीं परक्यांच्याच नमुन्यावर काम करावें लागलें. पण हेतु मात्र सगळें कांहीं येथेंच बनविण्याचा होता. फोर्ड व जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकन कंपन्यांनीं येथें आधींच ठाण मांडलें होतें. त्या परदेशाहून भाग आणीत, येथें जोडीत आणि विकीत. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें ठरविलें कीं, जो येथें भाग बनविण्याचा कार्यक्रम हातीं घेईल त्यासच यापुढें थारा मिळेल. दोघींनींही गाशा गुंडाळला.

हें धोरण मुळांतच चुकीचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. रोपट्याला कुंपण लागतेंच. परंतु तें केव्हां काढावयाचें हें कोणींच ठरवून ठेविलें नव्हतें. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. त्या जातीची गाडी इटलींत १९६६ सालीं बंद झाली. येथें ती २००० सालाच्या सुमारापर्यंत निघत राहिली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर तर २०१४ पर्यंत टिकली. याचा सर्व दोष कारखानदारांच्या माथीं मारणेंही न्यायाचें नव्हे. किती गाड्या काढावयाच्या हें परवाना सांगे, कितीला विकावयाच्या हेंही पुष्कळ काळ सरकारच सांगे, आणि नवें यंत्र आणावें तर परकीय चलन मिळेना. वडील मंडळींस आठवत असेल, त्या काळीं गाडीसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्या दुकानापुढें अशी रांग सदैव उभी आहे, त्या दुकानदारानें माल सुधारावा तरी कोणासाठीं?

मग १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातीं आली. सरकार व जपानची सुझुकी यांची ही भागीदारी; सुझुकीचा वांटा तेव्हां शेंकडा २६ होता. त्यापूर्वीं सर्व देशांत मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या आंतच मोटारी निघत. मारुतीनें हें चित्र पालटलें. पण आमच्या मतें तिचें खरें काम गिऱ्हाइकांस दिसलेंच नाहीं. आरंभीं भाग जपानहून येत. ते ठराविक मुदतींत येथें बनवावयाचे अशी अट होती. त्यामुळें कोणी दिव्यांचे, कोणी बैठकींचे, कोणी सुकाणूचे असे शेंकडों कारखाने उभे राहिले. भागाचें माप केसभर चुकलें तर सगळी खेप परत येते, हें आमच्या कारागिरांस तेथें कळूं लागलें. २००२ सालीं सुझुकीचा वांटा निम्म्याहून अधिक झाला. आतां हिला स्वदेशी म्हणावें कीं परदेशी? २०२४-२५ या वर्षीं देशांत ४३ लाखांच्या आसपास मोटारी विकल्या गेल्या, त्यांतील दर पांचांमध्यें सुमारें दोन तिच्या होत्या. आमच्या वादविवादांत दोन्ही पक्षांनीं मारुतीस आपापल्या बाजूस ओढलें, आणि आम्हांस वाटतें, दोघांचेंही खरें होतें.

पुढें १९९१ पासून दारें उघडूं लागलीं आणि १९९३ सालीं मोटारींस परवान्याची अट राहिली नाहीं. परक्या कंपन्या एकामागून एक आल्या. आतां आपले कारखाने बुडणार, असें पुष्कळ शहाणीं माणसें म्हणत होतीं. त्याच सुमारास मालट्रकांसाठीं प्रसिद्ध असलेल्या टाटांनीं पुण्यांत स्वतःची मोटार करावयास घेतली, आणि १९९८ सालीं इंडिका बाहेर आली. आरंभींच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. लोक हंसले. आम्हांस जें कौतुकास्पद वाटतें तें यापुढचें. कंपनीनें त्या तक्रारी ऐकल्या, दुरुस्त्या केल्या आणि २००१ सालीं तीच गाडी सुधारून पुन्हां आणली. १९४७ पासून परदेशी जीपच्या नमुन्यावर जगलेल्या महिंद्रांनींही २००२ सालीं आपल्याच आराखड्याची स्कॉर्पिओ काढली. तिचा कारखाना नाशिकचा. २००८ सालीं टाटांनीं जग्वार व लँड रोव्हर या विख्यात इंग्रजी मोटारी विकत घेतल्या, त्या फोर्डकडूनच. सगळेंच साधलें असें मात्र नाहीं. लाख रुपयांच्या नॅनोचा केवढा गाजावाजा झाला! दहा वर्षांत ती बंदही झाली. गरिबाची गाडी म्हणून मिरविलेली वस्तु गरिबासही नको असते, एवढें त्या हुशार मंडळींस कसें कळलें नाहीं याचें आम्हांस आजही नवल वाटतें.

आणि जकातीच्या भिंती बुटक्या झाल्यावर पळ कोणीं काढला? जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबविली. फोर्डनें २०२१ सालीं येथील कारखाने बंद करण्याचें जाहीर केलें, आणि त्यांचा साणंदचा कारखाना पुढें टाटांनींच घेतला. १९५३ सालीं ज्यांस कायद्यानें घालवावें लागलें, त्यांस या खेपेस इथल्या गिऱ्हाइकानें घालविलें.

मामांचा एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाहीं. २००४ सालीं आमच्या मामेभावानें इथल्याच बनावटीची एक नवी गाडी घेतली व मामांस फिरावयास नेलें. माहीमपर्यंत मामा एक अक्षर बोलले नाहींत. तेथें सिग्नलपाशीं गाडी थांबली तेव्हां म्हणाले, "एंजिन चालू आहे ना रे?" परत आल्यावर त्यांनीं आपल्या टॅक्सीच्या टपावर हात ठेवला व मामीस सांगितलें, "आम्ही जन्मभर एकच गाडी शिकलों, गं." 'काडेपेटी' हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकला नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमानें रस्त्यावरून गेली. तें पाहावयास मामा नव्हते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतों. विजेच्या मोटारींत पिस्टन नाहीं, क्लच नाहीं, धुराची नळी नाहीं. अशा मोटारी टाटा व महिंद्रा दोघेही करीत आहेत, आणि त्या चांगल्या खपतही आहेत. पण त्यांच्या बॅटरींतील घट बहुतांशीं चीनहून येतात. एप्रिल २०२५ मध्यें चीननें दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हां आपल्या कारखानदारांच्या तोंडचें पाणी पळालें. कारण मोटार फिरविणारें चुंबकच परक्याच्या मुठींत. म्हणजे गाडीवर नांव आपलें आणि प्राण दुसऱ्याचा, अशी जी १९४७ सालची स्थिति, तिच्याच जवळपास आपण पुन्हां येऊन उभे आहों. जकात वाढवून चुंबक तयार होत नाहीं. तें करावयास कोणी तरी शिकलें पाहिजे, आणि शिकेपर्यंत त्यास थोडें कुंपणही पाहिजे. मात्र या खेपेस त्यावर मुदतीची तारीख लिहिलेली असावी.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही त्या मुलाच्या वडिलांस भेटावयास भोसरीस गेलों. लहानसा कारखाना, चार यंत्रें, तेलाचा वास. मालकांनीं कर्ज काढून संगणकावर चालणारें एक नवें लेथ आणलें आहे, आणि विजेच्या मोटारीच्या दांड्याची एक लहानशी मागणी नमुन्यादाखल धरली आहे. वडील आम्हांस म्हणाले, "सर, पोलाद तेंच आहे. मायक्रोमीटरला पेट्रोल कीं वीज हें कळत नाहीं. पण पूर्वीं मी हातानें ओळखत होतों, आतां आधीं आंकडे लिहावे लागतात." पहिली खेप मापांत न बसल्यामुळें परत आली होती. दुसरी गेली आहे. तिचें उत्तर आलें नव्हतें. यंत्राचें माहितीपुस्तक इंग्रजींत आहे, म्हणून रोज रात्रीं जेवणानंतर मुलगा एकेक पान वाचून त्याचा अर्थ सांगतो, आणि वडील तो वहींत मराठींत उतरवून घेतात. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांचीं एकेचाळीस पानें झालीं होतीं. दोन शब्द त्यांनीं आम्हांस विचारावयाचे म्हणून राखून ठेविले होते. त्यांतला एक आम्हांसही आला नाहीं.