पालावरची सभा

बिबट्याबद्दलची सभा शिरूर तालुक्यात आता नवलाची राहिलेली नाही. उसात बिबट्याची मादी विते, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, रात्री पाणी धरायला जाणारा माणूस जीव मुठीत धरून जातो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड, जांबूतकडे माणसं दगावली, आणि तेव्हापासून आमच्या न्हावऱ्यातही संध्याकाळनंतर पोरांना कुणी एकटं सोडत नाही. मी इथे शाळेत शिकवते आणि वन्यजीवांची माहिती द्यायला अशा सभांना जाते.

एका सभेत शेवटी पडद्यावर वाक्य आलं : शिकार हा गुन्हा आहे. त्याबरोबर पुढे बसलेली कितीतरी डोकी मागे दाराकडे वळली. दाराशी पारध्यांच्या बायका उभ्या होत्या. कांदाकाढणीवरून तशाच आलेल्या, कुणी बसा म्हटलेलं नाही म्हणून उभ्या. त्या नजरा मी पाहिल्या आणि बायका मुकाट्याने निघून गेल्या, तेही पाहिलं. या भागात जनावराची चाल, पाखरांचं बोलणं सगळ्यात जास्त ज्यांना कळतं, तीच माणसं आपण दारातून घालवतो. याचा मला संताप येतो, आजही.

शिकार या मातीला परकी नाही. जवळच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी पाऊस आटला, शेती पिकेना, तेव्हा तिथली माणसं शिकारीवर जास्त विसंबू लागली, असं अभ्यासक सांगतात. त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही. पारध्यांवर मात्र इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यापासून चालत आलेला गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कागदावरून पुसला गेला, पण कुठे चोरी झाली की पहिली धाड अजून पालावरच पडते. १९७२चा वन्यजीव कायदा आल्यावरही परवाना काढून थोडीफार शिकार करता येत होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. कायदा योग्यच आहे, माळरानं उजाड होत असताना तो हवाच. पण ज्यांचं पोट त्या माळावर होतं त्यांच्याशी बसून बोलायला कोण गेलं?

म्हणून आम्ही दोघी शिक्षिका पालावर गेलो. पडदा नाही, फोटो काढायचे नाहीत, नावं लिहून घ्यायची नाहीत, एवढं आधी ठरवलं होतं. वेळ त्यांच्या सोयीची, चुली पेटल्यानंतरची. पुरुष लांबच राहिले. चारचौघांत बसलं की कुणीतरी उचलून नेईल, ही धास्ती त्यांच्या हाडात आहे. बायका आल्या, पोरं आली.

एक आजी होत्या. लहानपणी बापाबरोबर फासे लावायला जायच्या. त्यांनी जमिनीवर काटकीने रेघ ओढली आणि तितर कसा चालतो ते दाखवलं. उघड्यावरून तो जात नाही, झुडपाची कड धरतो. घाबरला तरी आधी पळतो, उडतो नंतर. मग ओठ आवळून त्यांनी तितराची साद घातली, आणि पोरं एकदम गप्प झाली.

बिबट्याचं विचारलं तर म्हणाल्या, "रातीला टिटवीकडं कान ठिवा, बाई. तिचा आवाज जसा फुडं सरकतो तसं जनावर सरकतं. न्हाई तर तिची अंडी उघड्या खड्यांत, ती उगा कशाला वरडंल?"

मी कायद्याचं सांगितलं. घोरपड, ससा, मोर, तितर, काही धरायचं नाही, हेही सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नको म्हनता, बरं. मग आमी करावं काय?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं असेल तर सभेची रीतच बदलावी लागते. अमेरिकेत असा बदल झाला आहे. तिथे शिकारीच्या परवान्यांच्या पैशावर वन्यजीवांचं बरंच काम चालतं, आणि शिकारी बहुतेक गोरे पुरुष. १९९१मध्ये विस्कॉन्सिनच्या विद्यापीठातून बायकांसाठी रानातली कौशल्यं शिकवणारी शिबिरं सुरू झाली. बायका का येत नाहीत हे त्यांना विचारूनच ती आखली होती. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे : ज्यांना रान येतं त्यांच्यासाठीच दार बंद. मध्य प्रदेशातल्या पन्नात मात्र पारधी वाटाडे पर्यटकांना पायी रान दाखवतात. पुणे जिल्ह्यातही इंदापूर-बारामतीकडे गवताळ प्रदेशातली सफारी सुरू झाली आहे. न्हावरे-दौंड पट्ट्यातल्या पारधी मुलींना वाटाड्याचं शिक्षण का मिळू नये? अडचण कागदाची आहे. जातीचा दाखला नाही, रहिवासाचा पुरावा नाही, आणि अर्जाची पहिली ओळ तिथेच अडते. दाखल्यांसाठी आता आम्ही तहसीलला खेटे घालतो आहोत.

पुढच्या सभेत माहिती आजींनी द्यायची असं आम्ही गावाला कळवलं आहे. दोघा-तिघांनी नाक मुरडलं. एका शेतकऱ्याने मात्र टिटवीचं पुन्हा सांगा म्हणून निरोप पाठवला. आजींची एकच अट आहे : दुपारी बोलावलं तर त्यांचा कांद्याचा रोज बुडतो, तो भरून द्यायचा. आम्ही हो म्हटलं आहे.