मागून काही येत नाही

जर्मनीतल्या आखेन शहरात, रोटे एर्दे स्टेशनापाशी एक डांबरी पट्टा सुरू होतो. कधी जर्मनी, कधी बेल्जियम असा सरहद्दीशी लपंडाव खेळत तो सुमारे १२५ किलोमीटरवर लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्ज गावी संपतो. नाव फेनबान. ‘फेन’ म्हणजे इथल्या डोंगरमाथ्यावरची दलदल, ‘बान’ म्हणजे रेल्वे. रेल्वे आता नाही. तिच्या जागेवर सायकलींचा रस्ता आहे आणि त्यावर मोटारगाड्यांना मज्जाव आहे.

मी आखेनमध्ये चार वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतेय. गेल्या जूनमध्ये पप्पा पहिल्यांदा इथे आले, तेव्हा आम्ही दोघांनी हा अख्खा रस्ता तीन दिवसांत सायकलवर केला. पप्पा ६१ वर्षांचे. गुडघे कुरकुरतात. शेवटची सायकल त्यांनी मी दहावीत असताना चालवली होती. तरी मी त्यांना घेऊन निघाले, त्याला कारण या रस्त्याचा चढ.

सायकलवाल्या मित्रमंडळींत चढाला फार मान. कसारा घाट कुणी किती मिनिटांत मारला याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात. त्यात मजा आहे, मीही ती घेतलीय. पण त्या मजेत पप्पांना जागा नाही. रेल्वेचं गणित वेगळं असतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे तीव्र चढ रेल्वेला झेपतच नाही. मग डोंगर आला की वळसा घ्यायचा, टेकडी कापायची, दरीत भराव टाकायचा, ओढ्यावर पूल बांधायचा. फेनबान समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीपर्यंत चढते, पण चढ दोन टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर दोन मीटर वर.

हिशेब करून बघा. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा, वेग ताशी १२ किलोमीटर. दोन टक्के चढावर नुसतं वर जाण्यासाठी साधारण ६५ वॅट लागतात. सात टक्क्यांच्या घाटात हाच आकडा सव्वादोनशेच्या पुढे जातो. पहिला आकडा साठीतल्या माणसाला थांबत-थांबत जमू शकतो. दुसऱ्यासाठी तालीम लागते.

हे मी पप्पांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच कागद बाजूला ठेवला. “आमचा घाट सदतीसला एक,” म्हणाले. “हे त्याच्यापेक्षा सोपं दिसतंय.”

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ साली रेल्वेसाठी सुरू झाला. चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे २.७ टक्के. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडून तिला वर ढकलताना मी लहानपणापासून बघितलंय. पप्पा याच घाटात कीमन होते. कीमन म्हणजे नेमून दिलेल्या लांबीतल्या रुळांवरून रोज पायी जाणारा, सुटलेल्या चाव्या हातोड्यानं परत ठोकणारा, कुठे तडा दिसतोय का बघणारा माणूस. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं.

या कामानं त्यांना एक सवय लावली. ते कुठेही चालत असले, अगदी भाजी आणायला निघाले असले, तरी दर पंधरा-वीस पावलांनी मागे वळून बघतात. घाटात पावसाचा, धबधब्यांचा आवाज असतो. शेजारच्या रुळावरून एक गाडी जात असेल तर दुसरीचा आवाज कळत नाही. त्यांच्या बरोबरचे दोघं असेच गेले. घरी त्याविषयी कधी बोलणं झालं नाही. आम्हा भावंडांना मात्र ती मान वळणं सवयीचं झालं होतं. लहानपणी आम्ही त्याची नक्कलही करायचो.

पहिल्या दिवशी सायकलवरही तेच. मान मागे वळली की हँडल वळायचं, सायकल डगमगायची. “पप्पा, इथे मागून काही येत नाही,” मी सांगत होते. ते हो म्हणायचे आणि परत बघायचे.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. रस्ता मी निवडला असला, तरी तो वाचता पप्पांना येत होता. मला फक्त झाडी दिसत होती. ते म्हणायचे, “हे कटिंग. डोंगर कापून लाईन नेलीय. बाजूची गटार बघ, अजून पाणी काढतेय.” पुढे, “आता आपण भरावावर आहोत.” कॉर्नेलिम्युन्स्टरच्या पुलावर थांबून त्यांनी खाली वाकून दगडी खांब बघितले आणि समाधानानं मान हलवली. आपण काय काम करतो हे मी त्यांना इतक्या वर्षांत नीट सांगू शकलेले नाही. त्यांनी त्यांचं काम मला एका दुपारीत दाखवलं.

रेल्वेची गोष्ट मी त्यांना सांगत होते. हा मार्ग प्रशियानं १८८०च्या दशकात बांधला. आखेनचा कोळसा लक्झेंबर्गच्या लोखंड कारखान्यांकडे जायचा, तिकडून खनिज परत यायचं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहानंतर रुळांखालची ही चिंचोळी पट्टी बेल्जियमला मिळाली. त्यामुळे रुळांच्या पश्चिमेकडची काही जर्मन वस्ती बाकीच्या जर्मनीपासून तुटली. असे पाच तुकडे आजही नकाशावर आहेत. त्यातला र्‍युकश्लाग हा तुकडा म्हणजे एक घर आणि त्याभोवतीची जागा.

“म्हणजे घर जर्मनीचं आणि अंगणापुढची लाईन बेल्जियमची?” पप्पा हसले. “आणि गाडी गेली तरी हद्द तशीच.”

गाडी गेली, हे शब्द त्यांना वाटले होते त्यापेक्षा जड निघाले. काल्टरहेरबेर्ग ते सूरब्रोट या टप्प्यात रस्त्याशेजारी जुने रूळ अजून आहेत. पर्यटक त्यावरून पायडलनं चालणारी ढकलगाडी फिरवतात. पप्पांनी सायकल लावली, उकिडवे बसले आणि एका स्लीपरवरून बोट फिरवलं. गवत आत शिरलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगली लाईन होती गं. कुणीतरी माझ्यासारखा रोज फिरला असेल हिच्यावरून.”

तोवर मी या रस्त्याकडे नुसती सोय म्हणून बघत होते. २०१३ साली हा सलग सायकलमार्ग तयार झाला, गावागावांत सायकलवाल्यांसाठी राहायची सोय झाली, बंद स्टेशनांजवळ माणसं पुन्हा थांबू लागली. हे सगळं खरं आहे. पण त्याआधी इथे एक रेल्वे मेली, हेही खरं. आपल्या विदर्भातली शकुंतला आठवा. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या गावांना जोडणारी ती छोटी गाडी बंद पडली, तेव्हा तिथल्या लोकांनी सायकलमार्ग मागितला नाही. त्यांना गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवी आहे, आणि ते बरोबरच आहे. जिथे माणसांना तालुक्याला जायला एसटीची वाट बघावी लागते, तिथे रूळ उखडून सहलीचा रस्ता करा असं सांगणं मला शोभणार नाही.

सूरब्रोटनंतर रस्ता हळूहळू उतरायला लागतो. दोन्हीकडे कुरणं, गाई, लांबवर एखादा चर्चचा मनोरा. इथे आम्ही जोडीनं सायकली चालवत होतो. गाड्यांच्या रस्त्यावर हे जमत नाही. तिथे एकामागे एक जावं लागतं आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. पप्पा बोलत होते. पावसाळ्यातल्या रात्रीच्या गस्तीबद्दल, दरड पडली तर गाडी थांबवायला रुळावर लावायच्या फटाक्यांबद्दल. मग त्या दोघांबद्दल. एकाची मुलगी माझ्याच वर्गात होती, हे मला माहीत होतं. तो गेला त्या दिवशी ड्यूटी खरं तर पप्पांची होती, अदलाबदल झाली होती, हे माहीत नव्हतं. पप्पांनी हे समोर बघत सांगितलं, पायडल मारत. त्यांची मान बराच वेळ वळली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी लगेच मागे बघितलं असतं.

वाहतूक नसलेला रस्ता म्हटलं की आपण अपघात टळला एवढाच विचार करतो. पण अपघात न होतासुद्धा वाहतूक आपल्याकडून काहीतरी घेत असते. अर्धे कान मागे असतात, अर्धं लक्ष खांद्यावर. ते परत मिळालं की माणसाकडे बोलायला जागा होते. पप्पांच्या बाबतीत ती जागा व्हायला चौतीस वर्षं आणि साठेक किलोमीटर लागले.

तिसऱ्या दिवशी, लक्झेंबर्गच्या सीमेजवळ एक जुना बोगदा आहे. त्यात वटवाघळं राहतात, म्हणून तो सायकलींसाठी बंद ठेवलाय आणि वाट टेकडीवरून जाते. तिथे पहिल्यांदाच खराखुरा चढ आला. पप्पा उतरले, सायकल ढकलत वर आले आणि माथ्यावर धापा टाकत म्हणाले, “बोगदा कशाला खणतात ते कळलं का आता, इंजिनियर?”

त्रुआव्हिएर्जला मात्र चालू स्टेशन आहे. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे, हे ऐकून पप्पांना गंमत वाटली. “म्हणजे सगळ्यांनाच पास?” फलाटावर गाडी आली तेव्हा ते पिवळ्या पट्टीच्या चांगले दोन पावलं मागे उभे राहिले आणि शेवटचा डबा जाईपर्यंत चाकांकडे बघत होते.

परतीच्या प्रवासात म्हणाले, “आपल्याकडे पाटाच्या कडेचा रस्ता असतो की. पाण्यालासुद्धा चढ चालत नाही.”

मी यावर कधी विचार केला नव्हता. धरणातून निघालेला कालवा डोंगराच्या कुशीनं, अगदी हलक्या उतारानं वाहतो. त्याच्या काठानं देखरेखीचा कच्चा रस्ता असतो. नाशिक जिल्ह्यात असे कालवे कितीतरी आहेत. कुणाची गाडी बंद न करता, कुणाचे रूळ न उखडता, तो चढ तिथे आधीपासून आहे. थोडा मुरूम, थोडी सावली आणि मोटारींना अडवणारे दोन खांब, एवढंच बाकी आहे. खांब लावणं सगळ्यात अवघड जाईल.

पप्पांनी गावी गेल्यावर जुनी सायकल घेतली. रविवारी सकाळी बहिणीच्या गावच्या पाटावर जातात. परवा व्हॉइस मेसेज आला. मागे बगळ्यांचा कलकलाट होता. म्हणाले, “इथं मोटरसायकली येतात अधूनमधून. पण त्यांचा आवाज लांबूनच येतो. तोवर मी पुढंच बघतो.”