गप्प झालेला नोड

पोरक्या प्रोसेस, म्हणजे सुरू करणारा मेला तरी चालत राहिलेल्या, शोधून मारण्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसला जन्मतःच मुदत लावून द्यावी, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. एका मशीनवर कोण मेलं ते कर्नलला ठाऊक असतं. पण जॉब अनेक नोडवर पसरला, की मुख्य नोड मेला की मधला स्विच बसला, हे बाकीच्यांना कळायला मार्ग नाही. दोन्हीकडून ऐकू येते ती फक्त शांतता. ब्रूस नेल्सनने १९८१ च्या प्रबंधात यावर काही उपाय मांडले होते, त्यांतले तीन असे: नोंदी पाहून पोरक्यांना संपवणं, नवं युग जाहीर करून जुनं सगळं मोडणं, आणि मुदत, म्हणजे ती वाढवून मिळाली नाही तर काम आपोआप संपणं. पहिले दोन सुरू होतात ते मेलेलं मशीन पुन्हा उठल्यावर. ते उठलंच नाही तर?

पूर्वी हा प्रश्न ढकलता यायचा. सीपीयूवरची पोरकी प्रोसेस शेजाऱ्याला मंद करते, इतकंच. पण पनवेलच्या योटा एनएम-१ सारख्या डेटा सेंटरांत एच-१०० जीपीयू आले. तिथे अशी प्रोसेस जीपीयूची मेमरी धरून बसली, की पुढचा जॉब उभाच राहत नाही. यावर रात्री क्रॉन लावून ‘ज्याचा पॅरेंट १, त्याला मार’ म्हणणारे बहाद्दर आहेत. त्या न्यायाने दूरून लॉगिन देणारी एसएसएचडीही मरेल, आणि सबरीपरच्या, म्हणजे १ ऐवजी पोरक्यांना दत्तक घेणाऱ्या प्रोसेसच्या, पदरी गेलेली खरी पोरकी सुटेल. किल -9 ची हौस मलाही आहे. यादीतून नावं पटापट पुसली जाताना आपण फार कर्तबगार असल्यासारखं वाटतं.

मुदत लावली, तर नेटवर्क क्षणभर तुटलं म्हणून दहा दिवसांची गणना मारायची का, हा आक्षेप रास्त आहे. पण शेड्यूलरने तोच जॉब दुसरीकडे पुन्हा सुरू केला आणि दोन्ही प्रती एकाच फाइलवर लिहू लागल्या, तर ते दहा दिवस तसेही मातीत जातात. मुदत नेहमीच्या हिसक्यांपेक्षा लांब ठेवावी, चेकपॉइंट घ्यावेत. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: एनएफएसवरच्या फाइलची वाट पाहत डी-स्टेटमध्ये, म्हणजे मोडता न येणाऱ्या झोपेत, अडकलेली प्रोसेस स्वतःचं घड्याळ कसं पाहणार? नाहीच पाहणार. म्हणून घड्याळ नोडवरच्या एजंटकडे हवं आणि दोरी सीग्रुपची, म्हणजे कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटाची. सेटसिड करून (नवं सेशन उघडून) प्रोसेस ग्रुपमधून निसटणारी प्रोसेस सीग्रुपमधून निसटत नाही, आणि २०२१ च्या लिनक्स ५.१४ पासून अख्खा सीग्रुप एका फटक्यात मारता येतो. तरीही डी-स्टेटमधली प्रोसेस कधी कधी तो फटका खाऊनही जागची हलत नाही. तिच्यासाठी नोड रांगेतून काढून रीबूट करणं एवढंच उरतं, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा जॉब चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबणं.