वडीगोद्रीच्या फाट्यावर

जालन्याहून अंबडमार्गें येणारा रस्ता धुळें-सोलापूर महामार्गास जेथें मिळतो, तें वडीगोद्री गांव. दक्षिणेस थोड्याच अंतरावर शहागड आणि गोदामाई. भोंवतीं उसाचीं शेतें. घराण्याच्या कुलवृत्तान्तासाठीं जुने कागद पाहण्यास आम्ही या बाजूस आलों होतों, आणि परतीच्या मोटारीची वाट पाहत फाट्यावरील चहाच्या दुकानांत बसलों होतों.

याच गांवीं जून २०२४ मध्यें लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनीं इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणास धक्का लागूं नये म्हणून उपोषण केलें. जवळच्या अंतरवाली सराटीस मनोज जरांगे यांचें मराठा आरक्षणासाठींचें उपोषण त्याआधींच गाजलें होतें. दोन्हीकडील वाद फिरून एकाच शब्दापाशीं येई— नोंद. निजामी अमलांतील मोडी व उर्दू दफ्तरांत कोणाचा पूर्वज काय म्हणून लिहिला आहे? आम्ही बसलों होतों तेथें शेजारच्या बाकावरही हीच चर्चा चालू होती.

योगायोग असा कीं, आमच्या पिशवींत हाइम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्राएल समाजावरील इंग्रजी ग्रंथ होता. हें आडनांव अलिबागजवळील किहीम गांवावरून आलेलें. ज्या समाजापाशीं जुनें दफ्तर नाहीं, त्याचा इतिहास लिहिण्याचें काम या गृहस्थांनीं पत्करलें. हे लोक तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून कोंकणांत त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही त्यांची परंपरा. केहीमकरांनीं मुंबईंत १८७५ सालीं समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि चालीरीति, आडनांवें, सणवार जमवून १८९७ सालीं ग्रंथ पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. तो पाहण्यास ग्रंथकार उरले नव्हते.

पूर्वज इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास निघाले, असा त्यांचा तर्क. त्यास दुजोरा देणारा लेख मिळालेला नाहीं. पुढें जोन रोलँड या अमेरिकन विदुषींनीं १९८९ च्या ग्रंथांत अर्वाचीन काळच तपासला: इंग्रजी राज्य, राष्ट्रीय चळवळ आणि यहुदी राष्ट्रवाद यांमध्यें या लहान समाजानें आपली जागा कशी शोधिली, हा त्यांचा विषय. केहीमकरांचा तर्क तर्कच राहिला. तथापि त्यांनीं डोळ्यांनीं पाहून जें टिपलें, तें आजही अभ्यासकांस उपयोगी पडतें.

हें मनांत येतांच आम्ही खजील झालों. आमच्या कुलवृत्तान्ताच्या कच्च्या प्रतींत मूळ पुरुषास पेशव्यांनीं गांव इनाम दिल्याचें आम्हींच मोठ्या दिमाखानें लिहिलें होतें. सनद कोणीं पाहिलेली नाहीं. थोरल्या काकूंच्या तोंडची गोष्ट, आणि भाऊबंदांचा आग्रह, एवढाच आधार. अंबडासही ती सांपडली नव्हती. इतरांच्या नोंदी कसोशीनें तपासाव्या, आणि आपलें घराणें आलें कीं ऐकीव गोष्ट प्रमाण मानावी, हा कोणता न्याय?

मोटार येण्यापूर्वीं आम्हीं पेन्सिलीनें तें वाक्य खोडलें आणि समासांत लिहिलें: ‘घरांत असें सांगत. सनद पाहिलेली नाहीं.’ धाकटे बंधु रागावतील, हें आम्ही जाणून आहों.