घोंगडी गेली कुलूला

आमच्या डोंगरकड्यात यात्रेहून परतणारा माणूस रिकाम्या हाताने घरी येत नाही. पंढरपूरहून आला तर चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का. तिरुपतीहून आला तर लाडू. तो लाडू इतक्या घरांत वाटायचा असतो की शेवटच्या घरी चिमूटभरच पोहोचतो. पण पोहोचतो! जपानी लोकही प्रवासाहून येताना त्या त्या गावचा खाऊ घरच्यांसाठी आणि कचेरीतल्या मंडळींसाठी आणतात. त्याला ते 'ओमियागे' म्हणतात. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर बर्फ पाहायला गेलेले लोक १९७६ साली निघालेली तिथली पांढऱ्या चॉकलेटची बिस्किटे हमखास घेऊन परततात. यात्रेचा प्रसाद असा ठरलेला असतो. सहलीचा प्रसाद कोणता?

गेल्या जानेवारीत आमची सहल हिमाचलला निघाली तेव्हा हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे मूळ माझ्या खिशात होते. मागल्या हळदीच्या पैशांतून वडिलांनी सहलीची फी भरली होती. वरखर्चाला मोजून दोन हजार रुपये दिले होते. शिवाय मी नको नको म्हणत असताना आजोबांनी आपल्या हातची काळी घोंगडी वळकटी करून सामानात कोंबली. नांदेडच्या फलाटावर ती वळकटी दिसताच मित्रमंडळींना चेव आला. "घोंगडी आली, मेंढरं कोणत्या डब्यात बसवलीस?" एकाने विचारले. बाकी सगळ्यांजवळ नवी कोरी नायलॉनची जाकिटे होती. मी वळकटी बाकाखाली सारली.

सचखंड एक्सप्रेसने आम्ही अंबाल्यापर्यंत गेलो. हीच गाडी पुढे अमृतसरला जाते. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज त्याच पंजाबातल्या घुमानला जाऊन राहिले, आणि तेही रेल्वेशिवाय! कालक्याहून सिमल्याला छोटी गाडी जाते. ही ९६ किलोमीटरची वाट १९०३ साली सुरू झाली. वाटेत १०२ बोगदे आहेत असे सरांनी सांगितल्यावर आम्ही मोजायला बसलो, पण चाळिसाच्या पुढे कोणाचा आकडा कोणाशी जुळेना. सिमल्याला बर्फाचा पत्ता नव्हता. लक्कड बाजारात लाकडी काठ्या, खेळणी, पेट्या पाहिल्या आणि मनालीची वाट धरली.

बर्फ भेटला तो सोलंगच्या खोऱ्यात. तिकडे जाताना रस्त्याच्या कडेला दुकानांच्या रांगा लागतात. तिथे अंगभर झगे आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भाड्याने मिळतात. ते चढवल्यावर आमचे प्राध्यापक आणि आम्ही यांत काही फरक उरला नाही, हा त्या सहलीतला सर्वांत आनंदाचा क्षण म्हटला पाहिजे. सिनेमात बर्फ कापसासारखा दिसतो. हातात घेतला तर तो जाड्या मिठासारखा लागला आणि बोटे मात्र विस्तवाला लागल्यासारखी पोळली. आमच्यापैकी एकीने आईला दाखवायला म्हणून पाण्याची बाटली बर्फाने गच्च भरून घेतली. मनालीला पोहोचेतो तिच्यात पाऊण बाटली गढूळ पाणी आणि देवदाराची दोन पाने उरली होती.

मग खरेदी. मनालीच्या बाजारात ज्या किल्ल्यांच्या साखळ्या टांगलेल्या होत्या, त्याच औंढा नागनाथाच्या यात्रेत टांगलेल्या असतात. फक्त नाव वेगळे. हजाराला तीन शाली, त्याही 'अस्सल कुलू'! सर म्हणाले, "यांतल्या पुष्कळशा लुधियाना-अमृतसरच्या यंत्रमागावरून येतात. थांबा जरा."

खरी कुलू शाल हातमागावर विणतात. तिचे अंग साधे आणि दोन्ही टोकांना रंगीत भौमितिक नक्षीचे पट्टे. ही नक्षी बुशहरकडील विणकरांनी इकडे आणली असे सांगतात. भुट्टी विणकरांची सहकारी संस्था १९४४ साली इथे उभी राहिली आणि तिच्यामुळे हा धंदा पुष्कळ सावरला. सर आम्हांला नेत होते ते दुकानही अशाच एका लहानशा विणकर संस्थेचे होते. पुढे दुकान, मागे माग.

मागावर एक पन्नाशीची बाई बसली होती. धोट्याचा तो 'खट-खट' आवाज ऐकून मी तिथेच थबकलो. आमच्या परसात मागाचा खड्डा अजून आहे. त्यात आता पऱ्हाट्या रचलेल्या असतात. त्या दिवशी थंडी इतकी होती की मी लाज सोडून घोंगडी पांघरलेली होती. बाईंचे लक्ष तिच्याकडे गेले. त्यांनी हात थांबवला, घोंगडीचा काठ दोन बोटांत धरून उलटा केला आणि हिंदीत विचारले, "हे कोणी विणले?" आजोबांनी, म्हणालो. ही इतकी कडक कशी? मी चिंचोक्याच्या खळीचे सांगितले. चिंचोके दळून, शिजवून त्याची खळ घोंगडीला देतात, म्हणजे पावसाचे पाणी वरून निघून जाते. त्यांना मोठे नवल वाटले. त्यांनी शेजारच्या मागावरच्या बाईला हाक मारून काठ दाखवला. दोघी आपसांत पहाडीत बराच वेळ बोलल्या. मग पहिलीने विचारले, "तुमच्याकडे हिची किंमत काय येते?"

मी म्हणालो, "आता कोणी घेत नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. धोटा पुन्हा चालू झाला. माझे मित्र मागे उभे होते. त्यांच्यापैकीही कोणी मेंढरांची चौकशी केली नाही.

तिथली एक राखी शाल मी १,८०० रुपयांना घेतली. भाव ठरलेला, घासाघीस नाही. अशी शाल विणायला किती दिवस लागतात हे मी बाईंना विचारले. पाच, असे त्यांनी सांगितले. परतीच्या प्रवासात दोन दिवस मी मित्रांच्या चहावर काढले.

आजोबांना आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. त्यांनी शाल मांडीवर घेतली, रंगीत पट्ट्यावरून अंगठा फिरवत गेले, जिथे सूत बदलते तिथे थांबले, पुन्हा मागे आले.

"किती दिवस लागले रे तिला?"

"पाच."

"आन् पैशे?"

मी सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले.

"मंग लई न्हाई घेतले," ते म्हणाले. "हात चांगलाय बाईचा. पर खळ न्हाई लावली. पावसात काय कामाची न्हाई ही."