एक, एल आणि विसर्ग

कुरियर न्यू या फॉन्टमध्ये एकचा आकडा आणि स्मॉल एल शेजारी शेजारी टाइप करून पाहा. दोघांनाही खाली आडवी बैठक, दोघांनाही वर डावीकडे चोच. एकची चोच जरा तिरकी, एलची आडवी, फरक काय तो एवढाच. हा फॉन्ट मी कित्येक वर्षं वापरला. निवडला असं म्हणता येणार नाही. एडिटर उघडला की तो समोर यायचा, म्हणून तो. खुर्चीची उंची, माउसचा वेग, सगळं मी मनासारखं करून घेतलं होतं. दिवसभर जे वाचायचं ते कुठल्या अक्षरात वाचतोय, याकडे मात्र लक्ष गेलं नाही.

कुरियरचं घराणं टायपरायटरचं. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी तो १९५० च्या दशकात घडवला. जुन्या काळी कित्येक टायपरायटरांवर एकची कळच नसे. टायपिस्ट बिनदिक्कत स्मॉल एल ठोकत आणि पत्र वाचणाऱ्याचं काहीही अडत नसे. पत्रातली तारीख आणि रक्कम माणूस संदर्भाने बरोबर वाचतो. कोडमध्ये तो आधार बऱ्याचदा नसतो.

जावामध्ये लाँग प्रकारची संख्या लिहिताना शेवटी एल जोडतात. स्मॉल चालतो, कॅपिटलही चालतो. पण कॅपिटल वापरा, स्मॉल एल आणि एक यांत गल्लत होते, हे त्या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच सांगितलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं आणि मी ज्या प्रकल्पावर होतो त्यावर माझ्याआधी काम केलेल्यानेही वाचलेलं दिसत नव्हतं. कोडमध्ये इकडेतिकडे विखुरलेले आकडे उचलून एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे आलं. एका ओळीत साठ आणि त्याला चिकटून स्मॉल एल होता: समोरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी साठ सेकंद थांबायचं. मी वाचलं सहाशे एक, आणि फाइलमध्ये तेच टाकलं. सहाशे एक सेकंद कोण कशाला थांबेल, असं मनात आलं होतं. पण जुन्या कोडमध्ये याहून चमत्कारिक आकडे पाहिले होते. कुणीतरी विचार करूनच लिहिलं असेल म्हणून पुढे सरकलो.

समोरचा सर्व्हर एरवी पटकन उत्तर द्यायचा, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काहीच उघडकीला आलं नाही. तो मंदावला त्या दिवशी आमची प्रत्येक रिक्वेस्ट मिनिटाऐवजी दहा मिनिटं कनेक्शन अडवून बसली आणि बघता बघता सगळी कनेक्शन्स संपली. मी जुनी आवृत्ती उघडून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि दर वेळी मला सहाशे एकच दिसत होतं. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने तीच फाइल स्वतःच्या मशिनवर उघडली. त्याच्याकडे कॉन्सोलास होता. तो म्हणाला, "अरे, हे साठ आहे. एल आहे पुढे."

कॉन्सोलास २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत सगळ्यांच्या मशिनवर आला. लुकास द ग्रोट यांनी तो पडद्यावर वाचण्यासाठीच, क्लिअरटाइप तंत्र समोर ठेवून घडवलेला. शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, त्यामुळे ते कॅपिटल ओपासून लगेच वेगळं ओळखू येतं. मी त्या दिवशी तो लावला असता आणि तिथेच थांबलो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं.

मला फॉन्टचा नाद लागला. फोटोवरून स्थळ पसंत करावं, तसे मी नमुन्याच्या चित्रांवरून फॉन्ट पसंत करू लागलो. एक अतिशय नाजूक, बारीक रेघांचा फॉन्ट माझ्या नव्या लॅपटॉपवर देखणा दिसला. एका पडद्यावर जास्त ओळी मावाव्यात म्हणून आकारही अगदी लहान ठेवला. क्लायंटच्या ऑफिसातल्या जुन्या, फिकट मॉनिटरला तो लॅपटॉप जोडला तेव्हा स्वल्पविराम आणि पूर्णविराम एकसारखे दिसू लागले, गोल कंस आणि महिरपी कंस ओळखेनात. डोळे बारीक करून मी दिवस काढला आणि वर मॉनिटरलाच नावं ठेवली. चाळिशी लागली होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मग लिगेचर्सची हौस. मोझिलाच्या फिरा मोनोवर निकिता प्रोकोपोव्ह यांनी बेतलेला फिरा कोड यासाठी प्रसिद्ध आहे: उद्गारचिन्ह आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह टाइप केलं की पडद्यावर दोन्ही मिळून गणितातलं 'बरोबर नाही'चं चिन्ह उमटतं. फाइलमध्ये अक्षरं दोनच राहतात. मला ते फार आवडलं, अजूनही आवडतं. पण नव्या मुलांना प्रोजेक्टरवर कोड दाखवताना मी ते बंद केलं नाही. एका मुलीने बराच वेळ कीबोर्ड न्याहाळून विचारलं, "सर, हे चिन्ह कुठल्या कीवर आहे?" तिच्या शेजारच्याने तोवर ते कुठूनतरी कॉपी करून आणलं होतं आणि कंपायलर त्याच्यावर डाफरत होता.

सर्वांत जास्त दमवलं ते मराठीने. एका योजनेच्या अर्जांचा डेटा होता. स्थितीच्या रकान्यात 'मंजूर', 'अंशतः मंजूर', 'नामंजूर' असे शेरे. माझ्या प्रोग्रॅमची 'अंशतः मंजूर'ची संख्या कमी भरत होती. डोळ्यांना सगळ्या नोंदी सारख्या दिसत. काही नोंदींत 'अंशत' आणि ते दोन ठिपके यांच्यात फट जरा जास्त होती, एवढंच. ती फट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. पण माझ्या कोडिंगच्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. एडिटर ती अक्षरं विंडोजच्या निर्मलातून उसनी आणत होता आणि मराठी मजकूर एरवीही बेंगरूळच दिसायचा. फॉन्टचा दोष, म्हणून मी ती फट सोडून दिली. प्रत्यक्षात टाइप करणाऱ्यांपैकी काहींनी विसर्गाऐवजी कोलन दिला होता. कोलन रोमन फॉन्टमधून, आपल्या ठरावीक रुंदीच्या चौकटीत मधोमध बसलेला, म्हणून ती फट. अक्षरांचे कोड छापून पाहिल्यावर एका ठिकाणी २३०७ आला, दुसऱ्या ठिकाणी ५८. या वेळी फॉन्ट खरं सांगत होता. मीच ऐकलं नाही.

त्याच डेटात 'शेतकऱ्याचे नाव' असा एक रकाना होता. तोही काही फायलींत सापडेना. आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हीची आकृती एकच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एकरूप करत नाही. तेव्हा मी आधी आणखी दोन फॉन्ट बदलून पाहिले, हे सांगायला हवं. सवयच तशी लागली होती. शेवटी तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहिलं, त्यातच शब्दाअखेरच्या कोलनचाही विसर्ग करून टाकला.

सध्या जेटब्रेन्स मोनो वापरतो, लिगेचर्स नसलेला. एक, एल, कॅपिटल आय, उभी रेघ, दंड, शून्य, ओ, कोलन आणि विसर्ग अशी अक्षरं असलेली एक फाइल जवळ ठेवली आहे. नवा फॉन्ट मोहात पाडू लागला की ती ऑफिसमधल्या सर्वांत रद्दी मॉनिटरवर उघडतो. देवनागरीसाठी एडिटरला मुक्ता नेमून दिला आहे. मराठी कॉमेंट्स आता वाचता येतात, मात्र त्यांच्या शेजारचे रकाने काही केल्या एका रेषेत येत नाहीत.